किल्लेदारांचा तट आणि बायकोची खिडकी

माणसाला एखादा तरी छंद असावा, असं ज्याने कुणी म्हणून ठेवलंय त्याचं लग्न झालेलं नसावं. छंद बाहेरच्यांना दिसतो, घरच्यांना तो भोगावा लागतो. कुणी तिकिटं जमवतं, कुणी पेटी बडवतं. आपल्या गोष्टीतल्या गृहस्थांना छंद होता तो दुसऱ्याच्या तोंडातला चुकीचा शब्द उपटून तिथे बरोबर शब्द बसवण्याचा. दाताचे डॉक्टर निदान आधी भूल तरी देतात.

हा छंद नोकरीने पोसलेला. झडपा बनवणाऱ्या कारखान्यात ते भांडारप्रमुख होते. भांडारात काय होतं, की तीन वस्तू लांबून अगदी सख्ख्या बहिणी दिसतात आणि एकीच्या खोक्यात दुसरी गेली की तिकडे यंत्र बंद पडतं. त्यामुळे यांच्या खोक्यावर जे लिहिलेलं असे, तेच खोक्यात असे. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पण सुटीचा भोंगा वाजला तरी डोक्यातलं भांडार काही बंद होत नसे. बायकोने घाईत म्हणावं, "तो झारा द्या हो जरा," की हे वस्तू हातात धरून उभे!

"हा झारा नव्हे. झाऱ्याला भोकं असतात. हे उलथणं."

"बरं बाई, उलथणं द्या."

"मग आधी झारा का म्हणालीस?"

तोवर तव्यावर जे काही असे त्याचा कोळसा झालेला असे, आणि करपलं कसं याचंही स्पष्टीकरण बायकोलाच द्यावं लागे.

पन्नाशी उलटल्यावर त्यांना किल्ल्यांचा नाद लागला. चढायचा नव्हे, वाचायचा. गुडघे आधीच कुरकुरत होते. ग्रंथालयातली किल्ल्यांवरची झाडून सगळी पुस्तकं त्यांनी वाचली, आणि मग जो भेटेल त्याला तट म्हणजे काय, कोट म्हणजे काय, परकोट कुठे असतो, हे सांगत सुटले. गल्लीने त्यांचं नाव किल्लेदार ठेवलं. यांनी ते आनंदाने घेतलं. टोमणा ओळखायला भांडाराचा अनुभव पुरत नाही.

आता बायकोचं सांगतो, कारण जीव टांगणीला लागला होता तो तिचा. त्या घरातलं स्वयंपाकघर इतकं अरुंद होतं की फ्रिजचं दार उघडायचं तर आतल्या माणसाने बाहेर यायचं. खिडकी नावाला नाही. लग्न होऊन आल्यापासून ती बाई भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक करत होती. "एक दिवस मला बाहेर बघत भाजी चिरायचीय," एवढंच तिचं मागणं होतं. शेवटी या वर्षी मागच्या अंगणात स्वयंपाकघर वाढवायचं आणि त्याला चांगली रुंद खिडकी ठेवायची असं ठरलं. परवानगी आली. काम मिळालं तिच्या धाकट्या भावाला. हा मेव्हणा ठेकेदार होता, म्हणजे दुसरं काही होता आलं नाही म्हणून ठेकेदार होता. मागची भिंत मात्र त्याने एका दिवसात पाडली. पाडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. भिंतीच्या जागी ताडपत्री लटकली, आणि ताडपत्रीआड बायको गुणगुणत पोह्याचे डबे बैठकीच्या खोलीत हलवू लागली.

नेमका त्याच आठवड्यात नगरपालिकेने गल्लीच्या तोंडाशी फलक लावला.

तिथे काळ्या दगडांचा एक जुना ढिगारा होता. त्याला अख्खं गाव बुरूज म्हणे. बसचा थांबा बुरूज, शेजारचं केशकर्तनालय बुरूज, आणि भांडण झालं तर "ये बुरुजापाशी!" असंच म्हणायची पद्धत. फलकावर लिहिलं होतं, 'ऐतिहासिक बुरूज. येथे थुंकू नये.' थुंकण्याबद्दल किल्लेदारांचं काही म्हणणं नव्हतं. पण पहिली ओळ त्यांच्या डोळ्यात कुसळासारखी गेली.

"हा बुरूज नाही," ते शेजारच्या मॅनेजरांना म्हणाले. हे मॅनेजर बँकेतून निवृत्त झालेले. सकाळी कुंडीला पाणी घालता घालता सापडले बिचारे.

"मग काय आहे?"

"तट आहे. बुरूज म्हणजे तटाला सुटलेलं पोट हो! गोल, बाहेर आलेलं, वर तोफ ठेवायला ऐसपैस जागा. आणि तट म्हणजे सरळ भिंत, एका बुरुजापासून दुसऱ्या बुरुजापर्यंत जाणारी. या दगडांना कुठे पोट दिसतंय का?"

मॅनेजरांनी आधी दगडांकडे पाहिलं, मग स्वतःकडे, आणि शर्ट खाली ओढला. "पण लोक म्हणतात ना बुरूज. म्हणेनात का!"

"उद्या लोक वॉशरला नट म्हणतील."

यावर मॅनेजरांना सांगण्यासारखं खूप होतं, पण कुंडी भरून वाहायला लागली होती. सुटका करून घेण्यासाठी त्यांनी सल्ला दिला. "तोंडी बोलून काय होणार? अर्ज द्या." या माणसाने सगळी हयात लोकांचे अर्ज नामंजूर करण्यात घालवली होती, त्यामुळे अर्ज दिल्याने प्रकरण संपतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

बायकोने एकदा सांगून पाहिलं. "अहो, आपलं काम चालू आहे. आत्ताच सरकारला आपला पत्ता कशाला कळवता?"

"पत्ता सरकारला माहीत असतोच."

"माहीत असणं वेगळं, आठवण करून देणं वेगळं."

इतका सूक्ष्म फरक आपल्याशिवाय घरात आणखी कुणाला तरी कळतो, याकडे किल्लेदारांचं लक्षच गेलं नाही. त्यांनी अर्ज दिला. नगरपालिका म्हणाली, फलक आमचा, पण आतला मजकूर पुराणवस्तू खात्याचा. पुराणवस्तू खातं म्हणालं, मजकूर आमचा असेल, पण फलक पदपथावर असल्याने रस्ते विभागाची हरकत नाही असं आणा. रस्ते विभागातला कारकून म्हणाला, "आमची हरकत नाहीच आहे, पण हरकत नाही असं लिहून द्यायला आमची हरकत आहे." कुणीही शहाणा माणूस इथे घरी गेला असता. किल्लेदार रोज कारखान्यातून सुटले की कचेऱ्यांच्या खिडक्या झिजवू लागले. घरच्या खिडकीचं माप घ्यायला मेव्हणा दोनदा येऊन गेला, हे घरी नव्हते.

आणि एके सकाळी त्यांच्या दारात पुराणवस्तू खात्याच्या तपासनीस बाई उभ्या राहिल्या. वयाने लहान, नोकरीत नवीन, खांद्याला मोजमापाची फीत आणि डोळ्यांत चमक.

"अर्ज आपणच लिहिलात? मी तीनदा वाचला. बुरूज आणि तट यांतला फरक कळणारा या गावातला पहिला माणूस!"

किल्लेदारांना गहिवरून आलं. त्यांचं एकदा सांगितलेलं कुणी पूर्ण ऐकत नसे, आणि इथे तीनदा वाचणारं माणूस भेटलं होतं. त्यांनी लग्नकार्याचा शर्ट चढवला आणि ढिगाऱ्यापाशी जाऊन साऱ्या गल्लीदेखत व्याख्यान सुरू केलं. मॅनेजर होते, केशकर्तनालयातलं अर्धं कापलेलं एक गिऱ्हाईकही होतं.

"लक्षात घ्या, बुरूज स्वतःभोवती फिरून संपतो. तट संपत नाही! तट मध्येच थांबला तर शत्रू वळसा घालून आत येईल. तो पुढे जातो म्हणजे जातोच."

"कुठे जातो?" बाईंनी भक्तिभावाने विचारलं.

"हा इथून सरळ..." किल्लेदारांनी हात लांब केला आणि हाताच्या मागोमाग चालू लागले. मागे बाई, बाईंच्या मागे गल्ली. केशकर्तनालयाच्या कडेने, मॅनेजरांच्या नव्या गॅरेजमधून, कुंपणाच्या फटीतून मंडळी थेट किल्लेदारांच्याच मागच्या अंगणात निघाली.

तिथे पायाच्या खड्ड्यात मेव्हणा चहाचा कप घेऊन उभा होता. बघणाऱ्याला तो नुसता चहा पीत उभा आहे असंच वाटलं असतं. खरं म्हणजे तो पायाने माती लोटत होता. जमिनीतून पाणी निघालं तर मालकाला सांगावं, दगड निघाला तर कुणालाच सांगू नये, हे ठेकेदारीतलं पहिलं शास्त्र त्याला ठाऊक होतं. दगड सकाळीच निघाला होता.

"हे काय आहे?" बाईंनी वाकून विचारलं.

"दगड," मेव्हणा म्हणाला. "पायाचा. कालच ट्रकने आणलाय."

इथे जगातल्या कुठल्याही नवऱ्याने तोंड बंद ठेवलं असतं. ताडपत्री बाजूला सारून बायको डोळे एवढे मोठे करून बघत होती, त्यांचा अर्थ पाळण्यातल्या पोराला कळला असता. पण किल्लेदार केव्हाच खड्ड्यात उतरले होते, शर्टासकट.

"कालचा? अरे अडाण्या, हा घडीव दगड आहे! हे सांधे बघा, हा चुना बघा! तटच हा! मी म्हटलं नव्हतं?"

"आपलं म्हणणं अगदी तंतोतंत खरं निघालं," तपासनीस बाई भारावून म्हणाल्या, आणि काम बंद करण्याचा हुकूम दिला.

त्याचं झालं असं. नुसता बुरूज असता, तर त्या ढिगाऱ्याभोवती कुंपण घालून खातं मोकळं झालं असतं. तट म्हटल्यावर तो जिथून जिथून जातो ते सगळं संरक्षित. एक वीटही हलवायची नाही. दुपारपर्यंत लाल दोरी बांधून झाली. ती केशकर्तनालयाच्या आरशासमोरून निघाली, मॅनेजरांच्या गाडीवरून गेली, आणि ताडपत्रीखालून किल्लेदारांच्या स्वयंपाकघरात शिरून शेगडीपाशी थांबली. किल्लेदारांच्या हयातीत त्यांचं म्हणणं पहिल्यांदाच सरकारने मान्य केलं होतं, आणि ते साजरं करायला घरात एक माणूस तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बघे येऊ लागले. एका इतिहासप्रेमी मंडळाने तर रीतसर भेट ठरवली. दहा-बारा लोक अंगणातून वाकून आत बघत होते आणि त्यांतले एक सद्गृहस्थ बायकोला म्हणाले, "वहिनी, ती कढई जरा बाजूला घेता का? तट झाकला जातोय." वहिनींनी कढई बाजूला घेतली. त्या कढईचं आणखी काय करावंसं वाटलं, ते त्यांनी मनातच ठेवलं. शेगडी बैठकीच्या खोलीत आली. फोडणी दिली की सोफा खोकायचा तेवढा बाकी राहिला. मांजरांना तर मागचं दार हक्काचं झालं.

गल्ली किल्लेदारांशी बोलेनाशी झाली, म्हणजे फक्त सल्ले देण्यापुरती बोलू लागली. केशकर्तनकाराने त्यांचे केस एका बाजूने आखूड कापून निषेध नोंदवला. मॅनेजर रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभे राहत.

"अहो, एक शब्द आहे. बुरूज म्हणा आणि सोडवा सगळ्यांना."

"जे नाही ते कसं म्हणू?"

"बरं, तट नको, बुरूज नको. मधलं काही नाही का तुमच्या पुस्तकात? बँकेत आम्ही नेहमी मधलं काढायचो."

किल्लेदारांनी विचार केला. मान राहावा आणि भिंतही उठावी, असं काही सापडलं तर हवंच होतं. शोधता शोधता खंदक सापडला. तटाबाहेरचा तो खोल चर. त्याची बाजू ढासळू नये म्हणून कधी कधी दगडाने बांधून काढतात. म्हणजे अंगणातला दगड हा तट नसून खंदकाची बाजूही असू शकेल. शकेल! पुस्तकाप्रमाणे यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी तसा पुरवणी अर्ज दिला, आणि प्रत सगळ्या संबंधितांना पाठवली. सगळे संबंधित आपले शत्रू आहेत हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

पाणीपुरवठा विभागाने विचारलं, खंदक म्हणजे जलसाठा, तर जलसाठ्यात स्वयंपाकघर बांधायला सुरुवात कुणाच्या परवानगीने केली? हिवताप विभागाने काहीच विचारलं नाही. त्यांची माणसं पाठीवर पंप बांधून आली आणि "साचलेलं पाणी कुठंय?" म्हणत ताडपत्रीवर, मांजरावर आणि निवडून ठेवलेल्या भाजीवर फवारणी करून गेली. पुराणवस्तू खात्याने कळवलं की तट आहे की खंदक हे ठरवायचं तर उरलेलं अंगणही खणावं लागेल. मेव्हणा कुदळ घेऊन हजर. पाडणं नाही तर नाही, खणणं तरी मिळतंय म्हणून तो खुशीत होता.

त्या दिवशी किल्लेदार कारखान्यातून आले तेव्हा बायको बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसली होती. समोर धुऊन धुऊन वास न गेलेली भाजी.

"मला तट कळत नाही," ती म्हणाली. "बुरूज कळत नाही, तुमचा तो खंदकही कळत नाही. माझ्या घराला मागची भिंत नाही, एवढं कळतं. ती पाडली माझ्या भावाने. पण उभी राहू देत नाही आहात तुम्ही."

आणि तिचे डोळे भरून आले. ती चिडलेली त्यांनी पुष्कळदा पाहिली होती, रुसलेली पाहिली होती. हे तिसरंच काहीतरी होतं आणि त्याला काय म्हणायचं हे काही त्यांना सुचेना. ते चपला न काढता तसेच उभे राहिले. आपण फार वाईट वागलो असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि ते बरोबरच वाटलं.

सुनावणी पुराणवस्तू खात्याच्या कचेरीत होती. गल्लीतली झाडून सगळी मंडळी आली. खुर्चीत मोठे साहेब होते. त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर जेवणाचा डबा होता आणि त्यांचं निम्मं लक्ष डब्यावर होतं. तपासनीस बाई नकाशे मांडून बसल्या होत्या. त्यांनी किल्लेदारांकडे पाहून ओळखीचं हसू केलं, परीक्षेत हुशार मुलगा आपल्या शेजारी बसल्यावर करतात तसं.

"तुम्हीच अर्जदार? ठीक. गल्लीच्या तोंडाचा तो ढिगारा काय आहे ते एका शब्दात सांगा," साहेब म्हणाले.

किल्लेदार उभे राहिले. मॅनेजर श्वास रोखून बसले, मेव्हणा पहिल्यांदाच कुठेही न टेकता उभा राहिला. बायको मात्र त्यांच्याकडे बघत नव्हती. ती कचेरीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. धुळकट गजांची साधी सरकारी खिडकी, पलीकडे एक सायकल तळ. पण बघत होती ती टक लावून.

"बुरूज," किल्लेदार म्हणाले.

"काय?" तपासनीस बाई उठून उभ्याच राहिल्या. "अहो, पण पोट कुठंय याला? आपणच तर मला..."

"चूक झाली. मला त्यातलं फारसं कळत नाही."

हे शेवटचं वाक्य उच्चारताना त्यांचा चेहरा असा झाला की मॅनेजरांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"पण साहेब, बुरूज धरला तरी त्याला दोन्हीकडून तट येऊन मिळणारच!" बाई कळवळून म्हणाल्या. "उलट दोन तट शोधावे लागतील!"

बाईंचं अगदी खरं होतं. गल्लीचा जीव पुन्हा घशात आला. साहेबांनी डबा जवळ ओढला.

"बाई, फलकावर काय लिहिलंय?"

"बुरूज."

"अर्जदार काय म्हणतात?"

"बुरूज. पण..."

"मग फलक पुन्हा रंगवायचा खर्च वाचला. पुढचं प्रकरण."

गल्लीने टाळ्या वाजवल्या. खरं शोधायला चार विभाग कामाला लागले होते आणि तरी ते कुणाला परवडत नव्हतं. खोटं आधीच रंगवून तयार होतं, त्याला एक पैचा खर्च नव्हता. बाहेर पडताना तपासनीस बाई नकाशे गुंडाळत होत्या. किल्लेदारांना त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी बोलावंसं वाटलं. पण बाईंनी मान वर केली नाही, आणि यांना फार लाज वाटली.

लाल दोरी त्याच दिवशी सुटली. मॅनेजरांनी गाडी बाहेर काढून उगाचच एक फेरी मारली. मेव्हणा वाळू टाकून गेला आणि उद्या दगडावर काँक्रीट ओततो म्हणाला. घरात दोघंच राहिली. बायकोने चहा पुढे ठेवला.

"खरं सांगा, तो तट आहे ना?"

"तट आहे," किल्लेदार म्हणाले. "शंभर टक्के."

"मग बुरूज का म्हणालात?"

"तुला खिडकी हवी होती."

बायकोने आपला कप खाली ठेवला. "लग्न झाल्यापासून माझा एक शब्द तुम्ही सरळ जाऊ दिला नाहीत," ती म्हणाली. "आणि आज माझ्यापायी चारचौघांत चुकीचं बोललात?"

"हो."

"फार जड गेलं?"

"फार," ते म्हणाले, आणि चहा पिता पिता त्यांना ठसका लागला. ठसकाच तो, असं त्यांनी सांगितलं आणि तिने ते मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हण्याने काँक्रीट कालवलं, तेवढ्यात बहीण पदर खोचून खड्ड्यापाशी येऊन उभी राहिली. "तो दगड झाकायचा नाही. आत घे आणि बरोबर त्याच्यावर खिडकी बसव." मेव्हण्याने डोकं खाजवलं, नकाशा उलटा करून पाहिला आणि नाइलाजाने आयुष्यातलं पहिलं नीट काम केलं.

घर पूर्ण झालं. खिडकी ऐसपैस आली. तिच्याखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काळा घडीव दगड, त्यावर बसून बायको बाहेर बघत भाजी चिरते. मॅनेजर नवं स्वयंपाकघर बघायला आले तेव्हा किल्लेदार जेवत होते. मॅनेजरांनी फ्रिजचं दार दोनदा उघडून मिटलं, खिडकीचं कौतुक केलं, मग खाली वाकून दगडावर हात फिरवला आणि जरा संशयानेच विचारलं, "वहिनी, हे काय हो?"

"हे होय? ओटा," वहिनी म्हणाल्या.

किल्लेदारांनी तोंड उघडलं. मॅनेजर त्यांच्याकडे वळले. बायकोनेही वळून पाहिलं, हातात सुरी तशीच. किल्लेदारांनी दगडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि उघडलेल्या तोंडाचं आता दुसरं काय करायचं म्हणून त्यात एक मोठा घास घातला.